बाबांचं म्हणणं खरं आहे, आणि तुमची हौसही

प्रश्न: माझं वय ३१. राहायला वारज्यात, नोकरी बाणेरला. दीड वर्षापूर्वी २०१७ची फोर्ड मस्टँग सेकंडहँड घेतली. रंग चंदेरी, पासिंग पुण्याचंच, एमएच १२. शाळेत असल्यापासून हीच गाडी डोक्यात होती. आता ती रस्त्यावर वेगळी उठून दिसावी असं वाटतं. पूर्ण गाडी मॅट काळी, त्यावर नारिंगी पट्टे, रुंद केलेले व्हीलआर्च (चाकांवरच्या कमानी), मागे मोठा विंग, पुढे बंपरखाली कार्बन फायबरचा स्प्लिटर (आडवं पातं), असं सगळं ठरवलं आहे. एका गॅरेजने पूर्ण रंगाचे ९० हजार सांगितले, दुसऱ्या दुकानाने काळ्या रॅपचे १ लाख ६० हजार. बाबा पिंपरीत एका वाहन कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते, तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं एकच वाक्य आहे: "कंपनीचा रंग एकदा घासलास की परत मिळत नाही." यावरून घरात बोलणं जवळजवळ बंद झालंय. दसऱ्याच्या पूजेला गाडी तयार हवी आहे. रंग करू की रॅप करू? की बाबांचं ऐकून गप्प बसू?
एक वाचक, वारजे

उत्तर:

नमस्कार,

गप्प बसू नका. पण ९० हजारवाल्या गॅरेजला आजच फोन करून नको म्हणून सांगा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमचे बाबा जे एका वाक्यात सांगतायत त्यामागे त्यांची अख्खी नोकरी आहे, म्हणून ते जरा उलगडून सांगतो. कारखान्यात रंग देतात तेव्हा समोर गाडी नसते, नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. काच, वायरिंग, सीट, रबर, यातलं काहीच बसवलेलं नसतं. तो सांगाडा धुऊन, तेलाचा अंश काढून, फॉस्फेटची प्रक्रिया करून अख्खाच्या अख्खा प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि वीज सोडतात. विजेच्या ओढीने प्रायमर दाराच्या पोटात, खांबांच्या आत, पत्र्याच्या दुमडीत जाऊन बसतो. तिथे कुणाचीही स्प्रे गन पोचणार नाही. मग साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला तो भाजला जातो. त्यावर पुढचे थर चढतात, आणि शेवटचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, १४० अंशांच्या आसपास पक्का होतो. एवढं सगळं करून थरांची एकूण जाडी भरते १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त. त्यातला क्लिअर ४०-५० मायक्रॉनचा.

आता तुमची तयार गाडी कुठल्याही वर्कशॉपच्या बूथमध्ये उभी करा. आत वायरिंग आहे, प्लास्टिक आहे, टाकीत पेट्रोल आहे. तिला ६०-७० अंशांच्या फार पुढे तापवताच येत नाही. म्हणून तिथे हार्डनर मिसळलेला टू-के रंग वापरतात, जो उष्णतेपेक्षा रसायनाने कडक होतो. चांगल्या पेंटरच्या हातचा टू-के रंग उत्तम असतो, वर्षानुवर्षं टिकतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण तो चढवण्याआधी खालचा कंपनीचा क्लिअर वॉटर पेपरने घासून मारावा लागतो, आणि तो घासला की गेला. बाबांना हेच म्हणायचं आहे.

शिवाय ९० हजारांत पूर्ण रंगबदल नीट होईल असं मला वाटत नाही. चंदेरी गाडी काळी करायची तर दारांच्या आतल्या कडा, डिकीच्या झाकणाखालची पन्हळ, बॉनेटची आतली बाजू, इंजिनाभोवतीचा दिसणारा पत्रा, हे सगळं काळं व्हायला हवं. त्यासाठी काचा, बीडिंग, लाइट, हँडल, बंपर उतरवावे लागतात. मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. कमी पैशात घेतलेलं काम म्हणजे बीडिंगवर मास्किंग टेप चिकटवायची आणि वरून गन फिरवायची. महिनाभर छान दिसतं. मग कुणी दार उघडतं आणि आत चंदेरी पट्टी दिसते. वर्षा-दोन वर्षांत टेपच्या कडेवरून रंग सुटायला लागतो, कारण तिथे नव्या थराची कड उघडी राहिलेली असते आणि प्रत्येक वेळी गाडी धुताना पाणी आत शिरतं.

तेव्हा रंग नको. मग रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची रंगीत फिल्म? त्याआधी एक काम करा, आणि ते बाबांना बरोबर घेऊन करा.

एक लहान लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून गाडीवर फिरवा. दारांना चिकटेल. बॉनेटला आणि पुढच्या दोन्ही फेंडरना (चाकांवरच्या पत्र्यांना) चिकटणार नाही, कारण या पिढीच्या मस्टँगमध्ये ते भाग ॲल्युमिनियमचे आहेत. (दाराला एखाद्या जागी चिकटलं नाही तर खाली पुट्टी भरलेली असण्याची शक्यता मोठी.) मग बॉनेटची पुढची कड बघा, ग्रिलच्या वर जिथे पत्रा आत दुमडला आहे तिथे. बोट उलटं फिरवा. बारीक फोड लागतात का? रंगाखाली पांढरी पूड दिसते का? ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर याच कडेला रंग फुगण्याची तक्रार या गाडीबाबत बऱ्याच ठिकाणी आहे. दुमडीत ओल राहते, आणि जिथे थर पातळ पडलेला असतो तिथून धातू गंजायला लागतो. लोखंडासारखा तांबडा गंज दिसत नाही म्हणून तो लक्षात यायला उशीर होतो. तुमची गाडी कितीतरी पावसाळे पाहिलेली आहे. फोड असतील तर त्यावर कुठलीही फिल्म लावण्यात अर्थ नाही, फिल्मखाली ते पसरत राहतील.

ही दुरुस्ती कुणाकडून करून घ्यायची ते ठरवताना किंमत शेवटी विचारा. आधी विचारा, ॲल्युमिनियमसाठी वेगळे पॉलिश पेपर आणि वेगळी ग्राइंडिंगची जागा आहे का. लोखंडी पत्रा घासताना उडालेली पूड ॲल्युमिनियमच्या उघड्या पत्र्यावर बसली आणि त्यावर रंग चढला, तर दोन धातूंच्या मधल्या ओलीमुळे गंज नव्याने सुरू होतो, आणि सहा महिन्यांत फोड पुन्हा तिथेच येतात. पेंटरने फोडाच्या आजूबाजूचा निरोगी दिसणारा भागही धातूपर्यंत मोकळा करून, त्यावर ॲल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर देऊनच पुढे जायला हवं. नुसती पुट्टी भरून वर दोन हात मारणारा माणूस इथे चालणार नाही. आणि चंदेरी मेटॅलिक जुळवणं हे सोपं काम नाही: रंगातले ॲल्युमिनियमचे कण गनच्या दाबाप्रमाणे, हाताच्या वेगाप्रमाणे आडवे-उभे बसतात आणि तोच कोड असूनही छटा वेगळी दिसते. म्हणून चांगला पेंटर बॉनेट रंगवताना शेजारच्या फेंडरवर रंग हलकेच विरवत नेतो. तुमचे बाबा हे बारकावे माझ्यापेक्षा चांगले ओळखतील. काम झाल्यावर गाडी उन्हात उभी करून तिरक्या कोनातून बघायचं काम त्यांच्याकडे द्या.

पेंट मोजायचं मायक्रॉन मीटरही कुणाकडून तरी मिळवा, डिटेलिंगवाल्यांकडे असतं. ते ॲल्युमिनियमवरही चालणारं हवं, साधं चुंबकी मीटर बॉनेटवर आकडा दाखवणार नाही. सेकंडहँड गाडी आहे, आधीच्या मालकाने कुठला पॅनेल रंगवून घेतला हे तुम्हाला सांगितलं असेलच असं नाही. एका पॅनेलवर १२० आणि शेजारच्यावर ३०० आकडा आला तर तिथे काम झालेलं आहे. हा शोध रॅपच्या आधीच लागायला हवा, कारण फिल्म काही वर्षांनी उतरवताना कंपनीचा रंग शाबूत राहतो, पण कच्चा बसलेला गॅरेजचा रंग फिल्मबरोबर सालीसकट निघून येतो.

आता मॅट काळ्याबद्दल. इथे मी तुमच्याशी सरळ असहमत आहे.

गाडीचा आकार डोळ्याला कळतो तो पत्र्यावरून सरकणाऱ्या उजेडामुळे. डिझाइन स्टुडिओत मातीचं मॉडेल तयार झालं की त्यावर डाय-नॉक नावाची ताणली जाणारी चकचकीत फिल्म चढवतात, ती एवढ्यासाठीच: दिव्यांच्या रेषा पृष्ठभागावरून कशा वाहतात, कुठे तुटतात, हे मातीवर दिसत नाही. मस्टँगचं सगळं सौंदर्य तिच्या मागच्या खांद्यात आहे. दाराच्या हँडलवरून निघालेली रेष मागच्या चाकावर उचलली जाते आणि फेंडर बाहेर फुगतो. लांब बॉनेट आणि आखूड मागची बाजू ही १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात पहिली मस्टँग लोकांसमोर आली तेव्हापासूनची तिची ओळख आहे. मॅट काळा हा उजेड गिळतो. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर ती गाडी म्हणजे एक मोठी काळी सावली दिसेल. चंदेरी रंग याच्या बरोबर उलट वागतो, प्रत्येक वळण मोजून दाखवतो. तुमच्याकडे आकार दाखवणारा रंग आधीच आहे आणि तुम्ही तो पैसे देऊन झाकायला निघाला आहात.

वापराच्या बाजूनेही मॅट पुण्यात त्रासाचा आहे. त्याला पॉलिश करता येत नाही. घासलं की तो डाग चकचकीत होतो आणि कायमचा राहतो. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गाडी धुऊन उन्हात वाळली की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. चकचकीत रंगावरून ते पॉलिशने काढता येतात, मॅटवरून काढणं अवघड. पार्किंगवर पर्जन्यवृक्ष किंवा आंबा असेल तर चिकटा, आणि कबुतरं तर सगळीकडेच आहेत. विष्ठा मॅटवर दुपारभर राहिली तर डाग मुरतो.

म्हणून माझा सल्ला: गाडी चंदेरीच ठेवा आणि पट्ट्यांवर जीव ओता. पट्टे ही तुमच्या यादीतली सर्वात चांगली कल्पना आहे. या गाडीच्या घराण्यात ते शोभतातही. १९६५च्या शेल्बी जीटी ३५० वर पांढऱ्यावर निळे पट्टे होते, आणि पांढऱ्यावर निळं ही त्याआधीपासून अमेरिकी रेसिंग गाड्यांची खूण होती. तुम्हाला काळा आणि नारिंगी दोन्ही हवेत ना? बॉनेटवरून छतावर आणि तिथून डिकीवर जाणारे दोन सॅटिन (मंद चमकीचे) काळे पट्टे घ्या, आणि त्यांच्या फक्त बाहेरच्या कडेला नारिंगीची एक बारीक रेघ, चार-पाच मिलिमीटरची. लांबून चंदेरी-काळी गाडी दिसेल, जवळ आल्यावर नारिंगी दिसेल. रुंद नारिंगी पट्टा लांबूनच ओरडतो आणि मग बघायला काही उरत नाही.

पट्टे लावणं सोपं वाटतं, पण बहुतेक दुकानं फसतात ती इथेच. मोजमाप बॉनेटच्या कडांवरून घ्यायचं नाही. पॅनेलमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, एखाद्या मिलिमीटरचा फरक असतोच. पुढच्या बंपरच्या मध्यापासून मागच्या बंपरच्या मध्यापर्यंत छतावरून दोरा ताणायचा आणि ती मध्यरेषा टेपने खुणावून तिथून दोन्हीकडे मोजायचं. बॉनेटवर ज्या दोन उंचवट्याच्या रेषा आहेत त्यांच्याशी पट्ट्याची कड भांडायला नको: एक तर उंचवट्याच्या आत ठेवा, नाही तर स्पष्ट बाहेर. कड त्या रेषेवरच आली तर वळणामुळे पट्टा वाकडा वाटतो, मोजलं तर सरळ असतो तरी. दोन पट्ट्यांमधली जागा पट्ट्याच्या रुंदीपेक्षा कमी ठेवा. आधी साध्या मास्किंग टेपने पूर्ण आराखडा करा, गाडी बाहेर काढा, वीस पावलं मागे जाऊन बघा, खाली बसून बघा. समाधान होईपर्यंत फिल्मला हात लावू देऊ नका.

फिल्म कास्ट व्हायनलची हवी. कॅलेंडर्ड व्हायनल स्वस्त पडते, पण ती लाटून बनवलेली असते, वळणावर ताणली की परत आकसते आणि कडेला चिकटपणाची काळी रेघ सोडते. कास्ट फिल्म द्रवातून ओतून बनते, ती ताणलेल्या आकारात राहते. ३एमची २०८० मालिका किंवा एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म, यातली कुठलीही चालेल. मात्र रोल तुमच्यासमोर खोक्यातून निघायला हवा. लावून झाल्यावर वळणाच्या जागा आणि कडा हीट गनने पुन्हा तापवून पक्क्या करतात, तो टप्पा घाईत गाळला जातो. तापमान मोजायचा इन्फ्रारेड थर्मामीटर दुकानात दिसला तर तो माणूस हे काम समजून करतो असं धरा.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: कापता कशाने? मी एका दुकानात जुनी फिल्म उतरवलेली गाडी जवळून पाहिली आहे. दाराच्या कडेपासून दोन बोटं आत, वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ होती. नख फिरवलं की अडकत होतं. आधीच्याने फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली होती आणि ब्लेड क्लिअरमधून आरपार गेलं होतं. खालच्या बाजूला, जिथे पाणी साठतं, तिथे रेघेच्या दोन्ही अंगांना तांबूस छटा आली होती. फिल्म होती तोवर कुणाला काही कळलं नव्हतं. यासाठी नाइफलेस टेप मिळते. तिच्यात एक दोरा असतो. टेप खाली चिकटवायची, वर फिल्म लावायची आणि दोरा ओढायचा, फिल्म त्या रेषेत कापली जाते आणि रंगाला धार लागतच नाही. तुमच्या पट्ट्यांचं सगळं काम याच टेपने होऊ शकतं. दुकानदार "आमचा हात हलका आहे" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

पट्ट्यांतून जे पैसे वाचतील ते पुढच्या भागाच्या पारदर्शक पीपीएफवर (पेंट प्रोटेक्शन फिल्मवर) घाला: बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे. ही पॉलियुरेथेनची फिल्म रॅपच्या जवळपास दुप्पट जाड असते आणि एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या चाकातून उडणारी खडी ती खरोखर झेलते. सिरॅमिक कोटिंग घ्या म्हणून आग्रह होईल. त्याने पाणी ओघळून जातं आणि धुणं सोपं होतं, पण काही मायक्रॉनच्या त्या थराने दगड अडत नाही. तुमचा खर्च मर्यादित असेल तर आधी पीपीएफ. क्रम ठरवताना पट्टे पीपीएफच्या खाली घ्यायचे की वर, हे दुकानदाराशी आधीच बोला. खाली घेतले तर पट्ट्यांनाही संरक्षण मिळतं, पण पट्टे बदलायचे तर पीपीएफ वाया जाते.

रुंद व्हीलआर्चचा नाद सोडा. ते बसवायचे तर मूळ फेंडर कापावे लागतात, पुढचे ॲल्युमिनियमचे. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. तुमची गाडी तशीही बाहेरून आलेली, त्यामुळे उद्या मूळ फेंडर हवा झाला तर महिनोन्महिने वाट बघावी लागेल आणि किंमत ऐकून धक्का बसेल. कापलेला पत्रा, घासलेल्या रंगासारखाच, पूर्ववत होत नाही.

मोठ्या विंगचं सांगतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी २०० किलोमीटरला विंग जेवढा जोर देईल त्याच्या चौथा भाग १०० ला मिळतो, आणि पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर कारला मर्यादाच १०० आहे, घाटात त्याहून कमी. त्यासाठी डिकीच्या झाकणाला भोकं पाडायची आणि पावसाळ्यात तिथून पाणी आत घ्यायचं, हा सौदा वाईट आहे. मागे काहीतरी हवंच असेल तर झाकणाच्या कडेला चिकटणारा बुटका स्पॉयलर लावा, तोही पट्ट्यांच्या काळ्याच छटेत. भोक न पाडता बसतो आणि मागची रेष टोकदार होते.

पुढचा स्प्लिटर कार्बन फायबरचा घेऊ नका. वारज्यापासून बाणेरपर्यंत जाताना किती स्पीडब्रेकर लागतात हे तुम्ही रोज बघता, आणि त्यातले कितीतरी कुठल्याच मापात बसत नाहीत. बेसमेंटच्या रॅम्पच्या तोंडाशी तर मस्टँगचा लांब नाकाडा आधीच घासत असेल. कार्बन किंवा फायबरग्लास घासला की तडकतो. त्याऐवजी पॉलियुरेथेनचा लिप (बंपरखालची लवचिक पट्टी) घ्या, तो वाकतो, परत जागेवर येतो, खालून खरवडला तरी वरून दिसत नाही. साइड स्कर्टलाही हेच लागू. ब्रेकचे कॅलिपर रंगवायचे तर उष्णता झेलणारा खास रंग वापरा, साधा स्प्रे नको. अलॉयला तुमच्या पट्ट्यांसारखा सॅटिन काळा चालेल. टायर उतरवून करा, मास्किंग करून नको.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मुळात करताच येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू कडक शब्दांत मांडली. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. संपूर्ण काळा रॅप केला असता तर "हे स्टिकर आहे, रंग नाही" हा युक्तिवाद नाक्यावर चालला नसता. संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी जाऊन परवानगी घेणं हाच मार्ग होता. चंदेरी रंग स्पष्ट दिसत राहील असे पट्टे असतील तर तो प्रश्न उरत नाही. पुढे कधी पूर्ण रंग बदलायचं मनात आलं तर गाडीवर कर्ज असल्यास बँकेची लेखी संमतीही घ्या, आणि ऑलिव्ह ग्रीन निवडू नका. तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.

विमा कंपनीला मात्र काम झाल्या झाल्या, पट्टे, पीपीएफ, लिप, स्पॉयलर यांची बिलं जोडून ईमेल करा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. नोंद नसेल तर ठोकर लागल्यावर या गोष्टींचे पैसे मिळत नाहीत. काचांना काळी फिल्म लावून देतो म्हणतील, घेऊ नका. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायलाच हवा, आणि पुण्यात फिल्म दिसली की गाडी थांबवतातच. नंबरप्लेट हाय सिक्युरिटीचीच ठेवा.

आता दसरा. बॉनेटवर फोड निघाले आणि ते रंगवावं लागलं, तर ताज्या रंगावर लगेच फिल्म चढवता येत नाही. रंगातला सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत असतो. वर फिल्म आली की तो अडकतो, बुडबुडे येतात, रंग मऊ राहतो. साधारण महिनाभर थांबावं लागतं. शिवाय आत्ता हवेत ओल आहे. तापमान आणि दमटपणा सांभाळणारा बंद बूथ नसलेल्या ठिकाणी या दिवसांत रंग देऊ नका, क्लिअरवर दुधट छटा येते. म्हणजे बॉनेट या आठवड्यात दाखवा, दुरुस्ती उरकून घ्या, मधले चार आठवडे टेपचे आराखडे करण्यात घालवा आणि मग पट्टे. दुरुस्ती निघालीच नाही तर घाई करायचं कारणच नाही. आणि दसऱ्यापर्यंत जमलं नाही तर पूजा चंदेरी गाडीची करा, पट्टे दिवाळीला येतील.

पूजेच्या दिवशी आईला एवढं सांगा की हळदीकुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर न काढता पुढच्या काचेवर काढायचं. ओली हळद सॅटिन फिल्मवर तासभर राहिली तरी पिवळा डाग मुरतो आणि सहज निघत नाही. झेंडूचा हारही टेपने चिकटवू नका, ग्रिलला दोऱ्याने बांधा आणि संध्याकाळी काढून घ्या.

बाबांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सगळं पत्र त्यांच्याभोवतीच फिरतंय. त्यांच्याकडे परवानगी मागायला जाऊ नका. लोहचुंबक घेऊन जा आणि म्हणा, बाबा, ही बॉनेटची कड जरा बघून सांगा. उत्तर कदाचित तुम्हाला न आवडणारं असेल, पण ते त्यांच्या कामातलं असेल आणि तुम्हाला उपयोगी पडेल. पेंटर ठरवायला जाताना त्यांना पुढच्या सीटवर बसवून न्या. प्रायमर कुठला वापरणार, हा प्रश्न त्यांनीच विचारू दे. विचारणारा कोण आहे हे पेंटरला पहिल्या दोन वाक्यांतच कळेल आणि कामाचा दर्जा तिथेच सुधारेल. आणि दुरुस्तीपुरती जागा सोडली तर मूळ रंग कुठेही घासला जाणार नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

बिलावर फिल्मचं नाव, मालिका आणि रोलचा बॅच नंबर लिहून घ्यायला विसरू नका. दोन वर्षांनी पट्ट्याचा एखादा तुकडा बदलावा लागला तर तीच छटा त्यावरूनच मिळेल.